विचारल्याशिवाय उघडू नये

मी एक पत्र्याचा डबा बोलतोय. बिस्किटांच्या आशेनं जवळ आला असाल तर तुम्हाला वीस वर्षं उशीर झाला.

माझा जन्म मात्र बिस्किटांसाठीच झाला. कारखान्यात पत्रा कापला, दाबला, कोपरे वळवले, झाकणावर निळी फुलं छापली आणि माझ्या पोटात खाऊ भरला. त्या दिवशी माझ्यासोबत हजारो भावंडं जन्माला आली. त्यांचं पुढं काय झालं हे कुणीही सांगेल. खाऊ संपला आणि त्यांच्यात सुया, दोरे नि तुटकी बटणं जाऊन बसली. पाहुण्यांनी आशेनं उघडायचं आणि हिरमुसून बंद करायचं, हे आमच्या घराण्याचं नशीब. माझ्याही वाट्याला सुयाच आल्या, फक्त त्या वेगळ्या.

अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन घरी निघालेल्या एका आजोबांच्या सुनेनं मला दवाखान्यातल्या नर्सच्या टेबलावर आणून ठेवलं. दहा मिनिटांत माझ्यात फक्त चुरा उरला. मावशींनी, म्हणजे तिथं झाडलोट करणाऱ्या बाईंनी, मला कचऱ्याच्या बादलीवर धरलं होतं. तेवढ्यात एक हात पुढं आला आणि म्हणाला, "थांबा, मला लागेल हा."

तो हात मोठ्या सिस्टरांचा. उंचीनं त्या बेताच्याच. 'मोठ्या' त्या अधिकारानं. इंजेक्शनची खोली आणि शेजारचा दहा खाटांचा वॉर्ड त्यांच्या ताब्यात. नाकावर माशी बसू देणार नाहीत असा स्वभाव. चादरीचा कोपरा चुकला तरी त्यांना लांबून दिसायचा, आणि दिसला की ज्याचा चुकला त्याची धडगत नसायची.

त्यांनी मला साबणानं धुतलं, स्पिरिटनं पुसलं आणि माझ्यात तीन ॲड्रिनलिनच्या कुप्या, चार सिरिंजा, सुया आणि कापसाची पाकिटं मांडली. मी ॲलर्जीचा डबा झालो.

हे काम काय असतं ते सांगतो. एखादं औषध, मधमाशीचा डंख, एखादा खायचा पदार्थ, यानं बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याचं शरीर मात्र त्यावर असं चवताळून उठतं की स्वतःच्याच मालकाच्या जिवावर उठतं. अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठतात, आवाज बसतो, घसा सुजतो, श्वासाला शीळ लागते, बीपी खाली जातं. हे सगळं काही मिनिटांत. त्या वेळी मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रिनलिन टोचायचं. बाकीची औषधं मागून येतात, आधी हे. म्हणून त्याच्यासाठी वेगळा डबा, हाताशी, नेहमी भरलेला.

इंजेक्शनच्या खोलीत राहून मी माणसं पुष्कळ पाहिली. "कशाची ॲलर्जी आहे का?" असं विचारलं की माणूस ताठ बसून "छे, अजिबात नाही" म्हणतो, जणू त्याच्या चारित्र्यावर कुणी शंका घेतली. मग सुई टोचून झाली की हळूच म्हणतो, "मागं एकदा गोळीनं ओठ सुजले होते, पण ते उन्हानं असेल." इंजेक्शननंतर अर्धा तास बाहेरच्या बाकावर बसा म्हटलं की दहाव्या मिनिटाला सगळ्यांना घरी गॅस चालू राहिल्याची आठवण होते.

माझ्या झाकणावरच्या चिठ्ठीची गोष्ट सांगायलाच हवी. ती सांगताना मला अजून बरं वाटत नाही.

सुरुवातीच्या दिवसांत माझ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. त्यामुळं मी सगळ्या दवाखान्याचा झालो. शेजारच्या वॉर्डात सिरिंज संपली, की घे डब्यातली. सुई वाकली, की घे डब्यातली. "नंतर आणून ठेवते" असं म्हणणाऱ्या बायका खोट्या नव्हत्या. त्या कामात बुडालेल्या होत्या, एवढंच.

एका सकाळी एक शिंपीदादा आले. गळ्यातली टेप काढायची राहून गेली होती, तशीच लोंबत होती. इंजेक्शन घेऊन ते बाकावर टेकले आणि पाचच मिनिटांत खाली कोसळले. मोठ्या सिस्टरांनी मला उघडलं. कुप्या तीन होत्या. सिरिंज एकही नव्हती, आणि खोलीतली शेवटची शिंपीदादांच्याच इंजेक्शनला लागली होती. सिरिंज आणायला कुणी एकीकडं धावलं, कुणी दुसरीकडं. ती येईपर्यंत चार मिनिटं गेली. शिंपीदादा वाचले नाहीत.

माझ्यात सगळं असतं तर ते वाचले असते का, हे डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. पण मोठ्या सिस्टरांनी स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता. संध्याकाळी घरी जाण्याआधी त्यांनी एका जाड कागदावर लाल शाईनं लिहिलं, 'इन्चार्जला विचारल्याशिवाय उघडू नये', आणि तो कागद माझ्या झाकणावर चिकटवला. वर पारदर्शक टेपच्या चार पट्ट्या मारल्या.  मी रडलो असतो, पण पत्र्याला गंज चढतो.

चिठ्ठीनं काम चोख केलं. पुढं बारा वर्षं सिस्टरांना विचारल्याशिवाय माझ्यातली एक सुईसुद्धा हलली नाही. मुदत संपली की कुप्या त्या स्वतः बदलायच्या. नव्या येणाऱ्या प्रत्येक नर्सला पहिल्या दिवशी सांगितलं जायचं, बाकी कुठंही हात घाल, त्या डब्याला लावू नकोस.

मधे नवे डॉक्टर आले. तरुण, सडपातळ, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढणारे. त्यांनी एक दिवस माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला आपल्या सहीचा कागद लावला. त्यावर डोस होते आणि खाली लिहिलं होतं: 'श्वास लागणं, आवाज बसणं किंवा चक्कर, अशी लक्षणं दिसली तर माझी वाट बघू नका. ॲड्रिनलिन द्या आणि मला हाक मारा.' म्हणजे बाहेर लिहिलेलं की विचारा, आणि आत लिहिलेलं की विचारू नका. परवानगी होती, पण ती माझ्या पोटात होती. बाहेर एक आणि आत एक हे माणसांत चालत असेल, डब्यात चालू नये. पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण मला नीट उघडून बघतंच कोण?

हळूबाई बघायच्या.

हळूबाई हे अर्थातच टोपणनाव. चाळिशीच्या आसपासच्या या बाई. लग्नानंतर नोकरी सोडून बारा वर्षं घर, दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेले सासरे सांभाळले, आणि सासरे गेल्यावर पुन्हा नर्सचा गणवेश चढवला. मधल्या काळात यंत्रं बदलली, फॉर्म बदलले, संगणक आला. त्यामुळं त्या प्रत्येक गोष्ट दोनदा वाचायच्या आणि तीनदा तपासायच्या. बाकीच्यांचे चार पेशंट होईपर्यंत यांचा एक व्हायचा. पहिल्याच आठवड्यात नाव पडलं, आणि ते त्यांनीही हसून घेतलं. पण जेवणाच्या सुट्टीत न खाल्लेली पोळी तशीच घरी परत नेताना मी त्यांना पाहिलंय. हसणं वेगळं आणि लागणं वेगळं.

मोठ्या सिस्टरांना त्यांचा संथपणा सहन होत नसे. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की महिनाअखेर हिची बदली धुलाईच्या कपड्यांच्या खोलीत करायला सांगणार आहे, चादरी मोजायला घाई लागत नाही. हळूबाईंनी मान खाली घातली. घरचं त्यांच्या पगारावर चालत होतं आणि कपड्यांच्या खोलीत पगार निम्मा, हे सगळ्यांना माहीत होतं.

तोवर हातून काही बिघडू नये म्हणून सिस्टरांनी त्यांना माझी रोजची तपासणी दिली. आधीच्या पोरी काय करायच्या, कपाटाच्या काचेतून माझ्याकडं बघायच्या आणि वहीत बरोबरची खूण करायच्या. हळूबाई रोज सकाळी सिस्टरांना विचारून मला उघडायच्या. कुपी उजेडाकडं धरून तारीख वाचायच्या. सिरिंजा मोजायच्या. आणि आतला कागद वाचायच्या, रोज, जणू काल वाचलाच नव्हता. मला ते फार आवडायचं. बारा वर्षांत माझी एवढी विचारपूस कुणी केली नव्हती.

मग ती सकाळ आली.

मोठ्या सिस्टरांच्या बोटाला चार दिवसांपूर्वी फुटक्या कुपीची काच लागली होती. "एवढ्याशाला काय होतंय" म्हणत त्यांनी ते अंगावर काढलं आणि बोट टरारून सुजलं. शेवटी डॉक्टरांनी दटावून इंजेक्शन लिहून दिलं. खोलीत त्या वेळी हळूबाई एकट्याच. त्यांनी नियमाप्रमाणं विचारलं, "सिस्टर, कशाची ॲलर्जी?"

"आहे ना," सिस्टर म्हणाल्या, "कामचुकारांची. टोच लवकर."

हे औषध त्यांनी पूर्वी दोनदा घेतलेलं होतं. काही झालं नव्हतं. हळूबाईंनी वहीत तेही लिहिलं, मग इंजेक्शन दिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या की अर्धा तास बाकावर बसायचं. सिस्टर हसल्या. ज्या बाईंनी वीस वर्षं लोकांना त्या बाकावर बसवलं, त्या स्वतः त्यावर कशा बसतील? औषधांची यादी करायची म्हणून त्या तशाच कपाटापाशी उभ्या राहिल्या, माझ्यासमोर.  हळूबाई वही हातात घेऊन तिथंच घुटमळत राहिल्या.

सात-आठ मिनिटं झाली असतील. सिस्टरांनी तळहात खाजवला. मग मान खाजवली. मी काचेतून बघत होतो. मानेवर लाल पट्टे उमटत होते, कुणी बोटांनी ओढल्यासारखे. त्या दोनदा शिंकल्या. मग यादीतलं एक नाव वाचून दाखवलं, आणि तो आवाज त्यांचा नव्हताच. घोगरा, दाटलेला.

हळूबाईंनी वही खाली ठेवली. "सिस्टर, आडव्या व्हा."

"काही नाही गं. पोटात मुरडा आलाय. बाथरूमला जाऊन येते."

मी बाकावरून उठून "जाऊन येतो" म्हणणारे पाहिलेत. त्यांतले काही दारापर्यंतही पोचत नाहीत. बीपी उतरलेलं असताना माणसानं उभं राहणं हे फार वाईट. सिस्टरांनीच हे सगळ्यांना शिकवलं होतं, पण त्या क्षणी त्या शिकवणाऱ्या राहिल्या नव्हत्या.

हळूबाईंनी त्यांना दंडाला धरून तपासणीच्या खाटेवर निजवलं आणि पायांखाली घडी केलेलं ब्लँकेट सरकवलं. मावशींना हाक मारून सांगितलं, वर प्लास्टरच्या खोलीत डॉक्टर आहेत, त्यांना घेऊन या, ॲलर्जी म्हणून सांगा. मावशी पदर खोचून पळाल्या. हळूबाईंनी ऑक्सिजनचा मास्क लावला, बीपीचा पट्टा गुंडाळला. आकडा बघून त्यांचा चेहरा उतरला. मग त्या माझ्याकडं आल्या.

कपाट उघडलं. मला टेबलावर ठेवलं. आणि हात झाकणावर थबकला.

माझ्या झाकणावरची लाल अक्षरं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. इन्चार्जला विचारल्याशिवाय. त्या सवयीनं वळल्या आणि त्यांनी खरोखरच विचारलं, "सिस्टर, डबा उघडते."

सिस्टरांनी मास्क बाजूला केला. ओठ सुजले होते. "नको," त्या म्हणाल्या. श्वासाला शीळ लागली होती. "साधं पित्त उठलंय. छाती धडधडेल त्यानं. डॉक्टर येऊ देत." आणि सुजलेलं बोट हलवून पुन्हा 'नाही' अशी खूण केली.

मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नाही. मी भरलेला होतो. तीन कुप्या, चार सिरिंजा, एकही वस्तू कमी नाही. शिंपीदादांच्या वेळी मी रिकामा होतो म्हणून माणूस गेला होता. आता मी काठोकाठ भरलेला असताना, फक्त बंद आहे म्हणून, मला भरणारी बाई माझ्यासमोर जाणार होती. ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. डब्याला तोंड असतं, पण ते दुसऱ्यानं उघडावं लागतं.

हळूबाई एक क्षण उभ्या राहिल्या.  समोर इन्चार्ज, महिनाअखेरीची बदली, आणि त्यात इंजेक्शन आपणच दिलेलं. मग त्यांनी पुन्हा सिस्टरांकडं पाहिलं, यावेळी जरा वेगळं. चेहरा नाही बघितला, छाती किती वर-खाली होतेय ते बघितलं. आणि माझं झाकण उघडलं.

पुढचं सगळं मी अगदी जवळून पाहिलं. घाई नव्हती. कुपीची मान मोडली, अर्धा मिली ओढलं, हवा काढली. रोज सकाळी या वस्तूंना हात लागलेला होता, त्यामुळं बोटं चुकली नाहीत. सिस्टर नको-नको म्हणत असतानाच एका हातानं त्यांचा गुडघा घट्ट धरला आणि गणवेशाच्या कापडावरूनच सुई मांडीत घातली. मग पेन काढून स्वतःच्या मनगटावर वेळ लिहिली. अकरा दहा.

"उठायचं नाही," त्या म्हणाल्या. आवाज एवढा खणखणीत होता की वॉर्डातल्या खाटेवरचा एक पेशंटसुद्धा गपकन आडवा झाला.

सलाईन जोडलं, धार पूर्ण सोडली. दोन मिनिटं. तीन. सिस्टरांचे हात थरथरायला लागले, ते औषधानं होतं. पण शीळ थांबेना. डॉक्टर धापा टाकत आत आले तेव्हा पाचवं मिनिट चालू होतं.

"ॲड्रिनलिन?"

"दिलंय. अकरा दहाला." हळूबाईंनी मनगट पुढं केलं. "बीपी अजून ऐंशी. दुसरं भरून ठेवलंय."

डॉक्टरांनी नुसती मान हलवली. दुसरं इंजेक्शन गेलं. बाकीची औषधं मागून गेली. आणि मग हळूहळू, ज्या हळूपणाची इतकी चेष्टा व्हायची त्याच हळूपणानं, सिस्टरांचा श्वास मोकळा होत गेला. ओठांचा रंग परतला. मास्कच्या आतून त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, की खाटेवरची चादर नीट घातलेली नाही.

जीव भांड्यात पडला म्हणतात. मी स्वतःच भांडं असल्यामुळं माझा कुठं पडला ते सांगता येत नाही, पण पडला. हळूबाई बाहेर जाऊन बाकावर बसल्या. मावशींनी त्यांना पाणी दिलं. तो पेला त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागला.

ही ॲलर्जी शमल्यासारखी वाटून काही तासांनी पुन्हा उसळू शकते, म्हणून डॉक्टरांनी सिस्टरांना दुसऱ्या दिवसापर्यंत खाटेवर ठेवलं. आपल्याच वॉर्डात पेशंट होणं त्यांच्या अगदी जिवावर आलं. त्यांनी दिवसभर सगळ्यांच्या चुका काढल्या. फक्त हळूबाई नाडी बघायला आल्या की त्या गप्प राहायच्या आणि छताकडं बघायच्या. हळूबाईंना वाटलं, आता आपलं काही खरं नाही.

तिसऱ्या दिवशी सिस्टर कामावर आल्या. हातात लाल कार्ड होतं, त्यांना कोणतं औषध चालत नाही ते लिहिलेलं. ते त्यांनी खिशात ठेवलं आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.  मग स्पिरिटचा बोळा घेऊन माझ्या झाकणावरची टेप नखानं उकलायला लागल्या. बारा वर्षांची टेप ती, सहज निघेना. कागदाबरोबर दोन निळी फुलंही खरवडली गेली.

हळूबाई तपासणीसाठी आल्या आणि दारातच थांबल्या.

"ये," सिस्टर म्हणाल्या. मान वर केली नाही. "एक विचारते. त्या दिवशी मी तुला नको म्हणत होते, ते ऐकू आलं होतं ना?"

"आलं होतं."

"बोटानंही सांगितलं होतं."

"हो, दिसलं होतं."

"मी इन्चार्ज. डब्यावर माझंच अक्षर. मग कुणाला विचारून उघडलास?"

हळूबाईंनी नेहमीप्रमाणं वेळ घेतला. "मी तुम्हालाच विचारलं, सिस्टर. पण तुम्ही नको म्हणालात तेव्हा तुम्ही इन्चार्ज नव्हता. तुम्ही पेशंट होता."

 सिस्टरांनी बोळा खाली ठेवला. वीस वर्षं मी त्या बाईंना ओळखतो, शिंपीदादा गेले त्या दिवशीसुद्धा त्या कुणासमोर रडल्या नव्हत्या. आता रडल्या, तोंड न लपवता, नाक पुसत. हळूबाई जवळ गेल्या आणि खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तो माणूस माझ्यासमोर गेला गं," सिस्टर म्हणाल्या. "पुन्हा असं होऊ नये म्हणून लिहिलं होतं मी ते."

"माहितीये मला. मावशींनी सांगितलं होतं."

मग डोळे पुसून सिस्टर आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या की कपड्यांच्या खोलीला दुसरं माणूस बघायला कळवलंय, आणि उद्यापासून या खोलीतल्या सगळ्या पोरींनी डबा कसा उघडायचा ते हळूबाईंकडून शिकायचं. घड्याळ लावून. सिस्टरांनी स्वतःही.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मी कपाटातून बाहेर आलोय, दारालगतच्या फळीवर असतो, कुलपाविना, काचेविना. माझ्या कडा गंजल्यात. माझ्याजागी पारदर्शक प्लॅस्टिकचा नवा डबा येणार असं ऐकतोय, आणि त्याचं मला दुःख नाही. त्याला एवढंच सांगेन: बाळा, आपली नोकरी चमत्कारिक. कुणी आपल्याला उघडायची वेळ येऊ नये, हे रोज मनापासून मागायचं. आणि आलीच, तर ज्याच्या हाताला धीर नाही त्याच्याही हातानं लगेच उघडायचं.

बाहेर बाकावर कुणी आत्ता इंजेक्शन घेऊन बसलंय. उठू नका, अर्धा तास बसा. इथं आम्ही जागे आहोत.